दोन खिडक्या

(देवनार येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



उल्हासनगरच्या प्रांजल पाटील केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०१५ सालच्या परीक्षेत ७७३व्या आल्या. वयाच्या सहाव्या वर्षी दृष्टी गेलेली. शाळा दादरची कमला मेहता अंध शाळा, पुढे सेंट झेवियर्स, मग दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ. त्यांच्या वाट्याला रेल्वेची लेखासेवा आली आणि रेल्वेनं नियुक्ती नाकारली. कारण दिलं शंभर टक्के अंधत्वाचं. आता हे शंभर टक्के त्यांनी कुठे लपवले नव्हते. अर्जावर होते, प्रमाणपत्रावर होते, आणि त्याच आकड्याच्या बळावर त्या अंधांसाठी राखलेल्या जागेला पात्र होत्या. एका खिडकीवर जो कागद दाखवल्यावर आत घेतलं, पुढच्या खिडकीवर तोच कागद पाहून बाहेर काढलं.

पाटील पुन्हा परीक्षेला बसल्या. या वेळी १२४व्या आल्या, प्रशासकीय सेवेत केरळला गेल्या आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. वर्तमानपत्रांनी भरभरून लिहिलं, ते रास्तच होतं. पण मी वकील आहे, माझं डोकं त्या ७७३व्या क्रमांकापाशीच अडकतं. दुसऱ्या वेळी १२४वा क्रमांक आला नसता तर? कायद्याला १२४ लागत नव्हता. ७७३ पुरत होता.

मला आज जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. आपल्याकडे अपंग माणसाला दोनदा सिद्ध व्हावं लागतं. आधी एका बोर्डापुढे, की माझ्याच्यानं होत नाही. मग दुसऱ्या बोर्डापुढे, की माझ्याच्यानं होतं. पहिल्या ठिकाणी थोडं कमी पडलात तर हक्क नाही, दुसऱ्या ठिकाणी थोडं कमी पडलात तर नोकरी नाही. आणि ज्याच्या दाराला पायऱ्या आहेत, ज्याचं संगणकातलं सॉफ्टवेअर बोलत नाही, त्या मालकाला मात्र एकदाही काही सिद्ध करावं लागत नाही. अपंगांचे हक्क हा विषय आपण दयेच्या खात्यातून काढून कायद्याच्या खात्यात टाकला, हे खरं. डिसेंबर १९९५ मध्ये संसदेनं पहिला कायदा केला, २००७ मध्ये भारतानं संयुक्त राष्ट्रांच्या करारावर मान्यतेची मोहोर उठवली, २०१६ मध्ये दुसरा, अधिक दमदार कायदा आला. खातं बदललं, पण खिडक्या त्याच राहिल्या.

पहिल्या खिडकीकडे आधी जाऊ.

शरीराची टक्केवारी काढण्याची कल्पना हक्कांच्या कायद्यानं आणलेली नाही. ती आपल्याकडे आली १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातून. त्याच्या परिशिष्टात अवयवांची यादी होती आणि प्रत्येकापुढे कमाईची क्षमता किती घटली त्याचा आकडा होता. अंगठा गेला तर ३०. तर्जनी पूर्ण गेली तर १४. गिरणीत, गोदीत बोट तुटलं की कारकून ते परिशिष्ट उघडायचा आणि रक्कम काढायचा. त्या काळी तेही मोठंच होतं, कारण त्याआधी मालक हात झटकून मोकळा व्हायचा. पण तो हिशेब झालेल्या नुकसानीचा होता. माणूस पुढे काय करू शकेल हे त्या परिशिष्टाला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती.

हक्काच्या कायद्यानं हीच फूटपट्टी उचलली आणि वर ४० टक्क्यांची रेघ मारली. आरक्षण, सवलती, बहुतेक योजना रेघेच्या वर. एकाहून अधिक अपंगत्वं असतील तर त्यांची सरळ बेरीज होत नाही. सूत्र असं आहे: मोठा आकडा घ्यायचा, नव्वदातून तो वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्यानं गुणायचं, नव्वदनं भागायचं आणि जे येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. म्हणजे पायाचे ४० आणि कानाचे ३० असले तर उत्तर सत्तर नाही, सुमारे ५७. मी हे सूत्र एकदा कागदावर सोडवून दाखवलं तेव्हा समोरचे गृहस्थ, जे स्वतः गणिताचे शिक्षक होते, म्हणाले, की सूत्र बरोबर आहे, फक्त ते कशाचं आहे ते कळलं नाही.

माझ्याकडे गोवंडीचा एक तरुण आला होता. प्रेस मशिनमध्ये हात सापडलेला. उजव्या हाताची तीन बोटं अर्धी गेलेली, चौथं वळत नाही. पेन धरताना तो अंगठा आणि करंगळीच्या मधे पेन अडकवतो आणि मनगट फिरवून लिहितो. अक्षर माझ्याहून बरं. त्याच्या प्रमाणपत्रावर आकडा होता ३८. प्रेसवर त्याला कोणी उभं करत नव्हतं, कारण हात असा. आणि राखीव जागेचा अर्ज भरता येत नव्हता, कारण हात पुरेसा तसा नाही. "मॅडम, दोन टक्के कुठून आणू?" असं त्यानं विचारलं. कायद्यात या प्रश्नाला उत्तर नाही. अपील आहे, उत्तर नाही.

सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये मोटार अपघाताच्या एका दाव्यात हा घोळ फार नेमका पकडला होता. न्यायमूर्ती रवींद्रन यांचा तो निकाल. डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळपास संपते, पण कारकुनाची नोकरी तशीच चालू राहू शकते. शरीराचा आकडा एक, पोटाचा आकडा दुसरा. वकिलांच्या जगात हा निकाल रोज वाचला जातो, पण नुकसानभरपाईसाठी. वैद्यकीय प्रवेशाच्या बोर्डापर्यंत ते शहाणपण पोचायला आणखी चौदा वर्षं लागली. त्याकडे मी येतेच.

त्याआधी मुंबईच्या उच्च न्यायालयाला श्रेय द्यायला हवं, आणि ते फारसं कोणी देत नाही. २००९ ची गोष्ट. एका तरुणाची स्टेट बँकेत परिवीक्षाधीन अधिकारी म्हणून निवड झाली होती. त्याचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेलं होतं. बँकेच्या वैद्यकीय तपासणीत तो अपात्र ठरला आणि बँकेच्या बाजूनं औषधोपचाराच्या खर्चाचा मुद्दा पुढे आला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, त्यात मूत्रपिंड बसत नव्हतं. म्हणजे हा माणूस पहिल्या खिडकीवर अपंग नव्हता आणि दुसऱ्या खिडकीवर नोकरीला नालायक होता. न्यायमूर्ती फर्दिनो रिबेलो यांच्या खंडपीठानं भारतानं मान्य केलेला आंतरराष्ट्रीय करार हाताशी घेतला आणि म्हटलं, की मालकानं वाजवी तजवीज करायला हवी. ती न परवडण्याइतकी जड आहे हे दाखवण्याची जबाबदारी मालकाची. एवढ्या मोठ्या बँकेला एका माणसाच्या औषधाचा खर्च जड आहे असं मानता येईना. 'वाजवी तजवीज' ही कल्पना संसदेच्या कायद्यात यायला त्यानंतर सात वर्षं लागली. फोर्टमधल्या त्या दगडी इमारतीत ती आधी येऊन गेली होती.

या निकालाचं मला महत्त्व वाटतं ते एका कारणासाठी. तिथे पहिल्यांदा प्रश्न फिरला. उमेदवाराला काय होतं, याऐवजी बँकेला काय करता येईल, असा.

पण फिरलेला प्रश्न फिरलेलाच राहतो असं नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्रातला एक विद्यार्थी वैद्यकीय प्रवेशासाठी झगडत होता. त्याला बोलण्याचा दोष होता, ४० टक्क्यांच्या थोडा वर. तेव्हाचा नियम असा: बोलण्याचा दोष ४० टक्क्यांच्या खाली असेल तर डॉक्टर होता येईल, पण राखीव जागा नाही. ४० च्या वर असेल तर डॉक्टरच होता येणार नाही. म्हणजे राखीव जागा होती, पण तिच्यावर बसू शकेल असा माणूस नियमानं जन्मालाच घातला नव्हता. असा नियम लिहिणाऱ्यांना मी दुष्ट म्हणणार नाही. दोन वेगळ्या टेबलांवर दोन वेगळ्या माणसांनी दोन ओळी लिहिल्या असतील आणि तिसऱ्यानं त्या एकाखाली एक छापल्या असतील. उच्च न्यायालयात त्या मुलाला तातडीचा दिलासा मिळाला नाही, सर्वोच्च न्यायालयानं मात्र दिल्लीच्या डॉक्टरांचं मंडळ नेमलं आणि एकच गोष्ट तपासायला सांगितली: हा मुलगा हा अभ्यासक्रम पुरा करू शकेल का? मंडळ म्हणालं, करू शकेल. १५ ऑक्टोबर २०२४ च्या निकालपत्रात न्यायमूर्ती गवई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगून टाकलं, की निव्वळ आकडा पाहून दार बंद करता येणार नाही. पुढच्या मार्चमध्ये न्यायालयानं अंध उमेदवारांना न्यायाधीशपदाच्या परीक्षेपासून दूर ठेवणारा मध्य प्रदेशचा नियम रद्द केला. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयात झॅक याकूब हे अंध न्यायमूर्ती १९९८ पासून पंधरा वर्षं बसले होते, तेव्हा आपल्याला फार घाई झाली असं कोणी म्हणू नये.

आता मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली. पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचा वाद २०२४ च्या पावसाळ्यात देशभर गाजला. तो न्यायालयात आहे, त्यावर मी बोलणार नाही. पण त्याची झळ कोणाला लागली ते सांगते. जे वीस-वीस वर्षं शाळेत शिकवताहेत, जिल्हा परिषदेत टपाल फिरवताहेत, त्यांच्याकडे आजूबाजूचे लोक वळून वळून बघू लागले. प्रमाणपत्रांच्या फेरतपासण्या निघाल्या. खोटं प्रमाणपत्र हा गुन्हा आहे आणि असायलाच हवा. कायद्यात त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पण त्याच कायद्यात दोन पानं मागे जा. कायद्याच्या तरतुदी मोडणाऱ्याला पहिल्या वेळी दंड किती? दहा हजारांपर्यंत. कैद नाही. म्हणजे जो खोटा लंगडतो तो तुरुंगात जाऊ शकतो. जो खऱ्या लंगड्याला जिना चढायला लावतो त्याला फार तर दहा हजार. कायदा कोणाच्या लबाडीला जास्त घाबरतो ते यावरून ओळखावं.

हे सगळं मी देवनारमध्ये बोलते आहे, त्यालाही कारण आहे.

देवनार म्हटलं की मुंबईकराला १९२७ पासूनचं डम्पिंग आठवतं, नाहीतर कत्तलखाना. पण अपंगत्वाचा अभ्यास आणि अपंगत्वाची मोजणी, या दोन्ही गोष्टींचे पत्ते इथलेच आहेत. टाटा समाजविज्ञान संस्था १९५४ मध्ये इथे आली. १९५६ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था गोवंडी स्टेशन रोडवर आहे.

टाटा संस्था देवनारला यायच्या आधीची एक गोष्ट. तिचे तेव्हाचे संचालक जे. एम. कुमारप्पा यांनी १९४५ मध्ये भिकाऱ्यांच्या प्रश्नावर एक पुस्तक संपादित केलं. त्या काळच्या समाजकार्याला रस्त्यावरचा अपंग माणूस दिसत होता तो मुख्यतः भिकारी म्हणून. पुढे १९५९ मध्ये मुंबई राज्यानं भिक्षा प्रतिबंधक कायदा केला. त्याच्या व्याख्येत काय आहे ते ऐका: भीक मिळवण्यासाठी जखम, व्रण, व्यंग किंवा रोग उघडा करून दाखवणं. हाही भीक मागण्याचाच एक प्रकार, आणि त्यासाठी पकडून गृहात ठेवता येतं. इथून जवळच, चेंबूरला, ते गृह आहे. दिल्लीच्या उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हाच कायदा दिल्लीपुरता बहुतांशी मोडीत काढला. महाराष्ट्रात तो उभा आहे. म्हणजे या वॉर्डात एका बाजूला असा कायदा आहे जो व्यंग दाखवलं तर धरतो, आणि दुसऱ्या बाजूला असा कायदा आहे जो व्यंग दाखवल्याशिवाय काही देत नाही. बोर्डापुढे दाखवलं तर लाभार्थी, सिग्नलला दाखवलं तर आरोपी.

मोजणीची कथा तर ताजी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं काम गोवंडी स्टेशन रोडच्या संस्थेकडून चालतं. २०१९ ते २०२१ च्या पाचव्या फेरीत घरातल्या माणसांच्या अपंगत्वाबद्दल प्रश्न विचारला गेला. २०२३ मध्ये कळलं की सहाव्या फेरीच्या प्रश्नावलीतून तो वगळला आहे. सरकारचं म्हणणं असं, की २०१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ही माहिती आलेली आहे, ती इतक्यात बदलायची नाही. अपंगांच्या संघटनांनी निषेध केला, पत्रं लिहिली. प्रश्न काही परत आला नाही.

त्या २०१८ च्या पाहणीत तरी काय होतं? देशात २.२ टक्के लोक अपंग. २०११ च्या जनगणनेतही साधारण तेवढेच, २ कोटी ६८ लाख, त्यातले महाराष्ट्रात २९ लाखांवर. प्रमाणपत्र असलेले २८.८ टक्के. म्हणजे शंभरातले एकाहत्तर जण पहिल्या खिडकीपर्यंत पोचलेच नाहीत, दुसरीचं नाव कशाला काढता? आणि पंधरा वर्षांवरच्या अपंगांपैकी प्रत्यक्ष कामात असलेले २२.८ टक्के. २०११ मध्ये अपंगत्वाचे आठ प्रकार मोजले गेले, २०१६ च्या कायद्यानं एकवीस मान्य केले. मधल्या तेरांपैकी ज्यांचा उल्लेख कुठल्याच तक्त्यात नाही, त्यांच्यासाठी किती बसेस, किती दुभाषे, किती जागा लागतील याचा अंदाज सरकार कशावरून बांधतं, हे मी कुठल्याही अंदाजपत्रकात वाचलेलं नाही.

आता दुसऱ्या खिडकीकडे, म्हणजे नोकरीकडे. इथे डम्पिंगचा संदर्भ घ्यावाच लागतो.

नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला माणसाला काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही. जमेल त्या दुसऱ्या कामावर, त्याच पगारात ठेवावं लागतं. काहीच जमलं नाही तर जादा पद निर्माण करून त्यावर. १९९५ पासून ही तरतूद आहे आणि या संपूर्ण कायद्यात कामगारांच्या दृष्टीनं याहून मोलाची ओळ नाही. पालिकेच्या कचऱ्याच्या गाडीवर दोन मोटार लोडर असतात असं धरा. डबा उलटा करताना हायड्रॉलिक सुटतं आणि दोघांच्या हाताला सारखीच इजा होते. एक पालिकेच्या मस्टरवर आहे, तो चौकीत बसून नोंदी ठेवू लागतो, पगार चालू. दुसरा कंत्राटदाराचा. त्याचं नाव दुसऱ्या दिवशी गाडीवर नसतं. हात दोघांचेही सारखेच, टक्केवारीही सारखीच. फरक एका रजिस्टरचा आहे.

म्हणून मी कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या लढ्याकडे अपंग हक्काचा लढा म्हणूनही बघते, तो त्या नावानं लढला गेला नसला तरी. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबई पालिकेच्या २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निर्णय दिला. त्या दिवशी या लोकांना पगार, रजा, फंड मिळाला, हे सगळ्यांनी लिहिलं. आणखी एक गोष्ट मिळाली, तिचं नाव कोणी घेतलं नाही: उद्या हात गेला तरी नोकरी जाणार नाही, ही. ज्या वॉर्डाला २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालानं शहरात तळाला ठेवलं, त्या एम-पूर्वमध्ये मस्टरबाहेरचेच लोक जास्त. डम्पिंगवर वेचणाऱ्या बाईला मालकच नाही. जरीच्या कारखान्यात डोळे गमावणाऱ्या कारागिराचा मालक तिसऱ्याच गल्लीत. चार टक्के आरक्षण, पदांच्या याद्या, अनुशेष यावर आपण तावातावानं बोलतो, बोललंच पाहिजे. पण ते सगळं सरकारी नोकरीपुरतं आहे, आणि या वस्तीत सरकारी नोकरी म्हणजे गल्लीत एखादी.

मराठी वाचकाला अशा वेळी एक सोपा आधार सापडतो, तो म्हणजे जिद्द. नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' आपण वाचलेलं असतं, कोल्हापूरच्या त्यांच्या 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड'ला कोणी देणगीही दिलेली असते. हुरजूकताईंचं काम फार मोठं आहे. स्वतः केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी करत १९८४ पासून त्यांनी संस्था उभी केली, वसतिगृह, शाळा, सिंधुदुर्गात काजूचा कारखाना. माझं म्हणणं वाचकांबद्दल आहे. आपण पुस्तक मिटताना जिद्दीला सलाम करतो आणि आपल्या सोसायटीच्या सभेत उतार बांधायचा ठराव आला की पार्किंग कमी होईल म्हणून हात वर करत नाही.

उताराचा विषय निघालाच आहे. या सभागृहाच्या दाराला उतार आहे, कार्यकर्त्यांचे आभार. या व्यासपीठाला मात्र तीन पायऱ्या आहेत. एक पायरी सहा इंचांची धरली तर दीड फूट उंची. चाकाच्या खुर्चीला चालेल असा उतार एकास बारा असावा लागतो, म्हणजे इथे अठरा फूट लांब. पहिल्या दोन रांगा काढाव्या लागतील. दाराशी आहे तो उतार मी मघाशी पावलांनी मोजला, तो साधारण एकास चार आहे. मोटारसायकल सहज चढते. मुंबईतले निम्मे उतार मोटारसायकलींसाठी बांधलेले आहेत असा माझा समज आहे, आणि तो कोणी खोडून काढला तर मला आनंदच होईल. पण दुसरी गोष्ट अधिक बोलकी वाटते: श्रोत्यांनी खुर्चीवरून यावं हे आपण गृहीत धरलं. वक्ता खुर्चीवरून येईल हे धरलं नाही.

नोकरी मिळूनही ती टिकत नाही ती याच ठिकाणी. गोवंडीहून सीएसएमटीला जाणारा माणूस आधी पूल चढतो. फलाटावर दिव्यांगांच्या डब्याची खूण शोधतो. त्या डब्यात कर्करोगाचे रुग्ण आणि गरोदर बायकाही असतात, त्यांचाही तो हक्काचा आहे, आणि ज्यांचा नाही असे चार जण दारात टेकलेले असतात. गाडी आणि फलाट यांच्यातली फट तर साऱ्यांनाच ठाऊक आहे. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपरला चालत्या गाडीत चढताना एका सोळा वर्षांच्या मुलीनं दोन्ही हात गमावले. त्यानंतर उच्च न्यायालयाच्या रेट्यानं फलाटांची उंची वाढवण्याचं काम हलू लागलं. हे उदाहरण मी मुद्दाम घेते. ही लोकल रोज कोणाला ना कोणाला अपंग करते, आणि अपंगाला चढता येईल असा फलाट ज्या दिवशी होतो त्या दिवशी ती इतरांनाही अपंग करायची कमी होते. हे दोन वेगळे खर्च नाहीत.

२०२३ मध्ये चाकाची खुर्ची वापरणाऱ्या एका मुंबईकरानं उच्च न्यायालयाला कळवलं, की पदपथावर गाड्या चढू नयेत म्हणून पालिकेनं लोखंडी खांब रोवलेत, पण त्यांच्या मधून माझी खुर्चीही जात नाही. न्यायालयानं स्वतःहून जनहित याचिका म्हणून दखल घेतली. त्याच वर्षी खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात एक नवरी दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावी लागली, कारण लिफ्ट नव्हती आणि साहेब खाली येईनात. तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. दिलगिरी मोठेपणाची. पण कायद्यानं सार्वजनिक इमारतींना नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ चे. मुदत जून २०२२ ला संपली. म्हणजे त्या नवरीला जिन्यानं उचलून नेलं तेव्हा मुदत उलटून वर्ष होऊन गेलं होतं.

मुदत उलटूनही काही होत नाही याचं एक कारण सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये हुडकून काढलं. राजीव रतूडी यांच्या याचिकेत सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठानं म्हटलं, की कायद्यात शब्द सक्तीचे आहेत, पण नियम पंधरामध्ये घातलेली मानकं शिफारशीच्या भाषेत आहेत. 'करता येईल', 'असावे', 'विचार व्हावा'. तो नियम कायद्याच्या विरोधात ठरवून, किमान सक्तीची मानकं तीन महिन्यांत वेगळी काढा, असा आदेश झाला. वकील म्हणून सांगते, 'असावे' या एका क्रियापदात आख्खे जिने लपतात.

महाराष्ट्रानं डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग केला. स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के अपंगांसाठी खर्चायचे असा दंडकही आहे. तो निधी कुठे जातो हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय, आणि त्यासाठी वक्ता हिशेबतपासनीस असलेला बरा.

शेवटी खासगी नोकरीबद्दल, कारण इथे बसलेल्या तरुणांपैकी बहुतेक तिथेच जाणार. आरक्षण तिथे नाही. पण अगदीच मोकळं रानही नाही. २०१६ च्या कायद्यानं प्रत्येक आस्थापनेला, खासगी धरून, समान संधीचं धोरण लिहून काढायला सांगितलं आहे. ज्यांच्याकडे वीस किंवा जास्त माणसं आहेत त्यांनी त्यात कोणती पदं अपंगांना योग्य, निवड कशी होणार, कोणत्या सोयी, संपर्क अधिकारी कोण, हे सारं लिहायचं, ते दर्शनी भागात किंवा संकेतस्थळावर लावायचं आणि आयुक्तांकडे नोंदवायचं. मी पक्षकारांना नोकरीच्या मुलाखतीला जाताना हे धोरण मागायला सांगते. बहुतेक ठिकाणी मनुष्यबळ विभागातली मुलगी गोंधळून आत जाते आणि बाहेर येऊन सांगते, की ते हेड ऑफिसला आहे.

ते हेड ऑफिसला नसेल, तर तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे करता येते. कार्यालय पुण्यात आहे, अर्ज टपालानं चालतो. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली, की संबंधितानं तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं. आणि शिफारस मानायची नसेल तर का मानत नाही त्याची कारणं त्याच मुदतीत आयुक्तांना, आणि तक्रार करणाऱ्यालाही, कळवायची असतात. ही कारणं मागायला विसरू नका. गोवंडीच्या त्या तरुणासाठी आम्ही तोच अर्ज केला आहे. ३८ टक्क्यांवर राखीव जागा मिळत नाही, पण भेदभाव करू नका एवढं म्हणायला ४० टक्के लागत नाहीत. ते कलम रेघेखालच्यांनाही लागू आहे. नमुना अर्ज बाहेरच्या टेबलावर मराठीत आणि हिंदीत ठेवलेला आहे. ज्यांना वाचून दाखवून हवा असेल त्यांच्यासाठी मी प्रश्नोत्तरं संपेपर्यंत थांबणार आहे.